आईच्या नावावर आठशे

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने कर कार्यालयाचं पत्र थोरल्याच्या हातात दिलं. लिफाफा फोडलेला नव्हता.

थोरला तेव्हा इस्त्रीच्या रोलरपाशी उभा होता. लॉन्ड्री मोठी आहे. तीन हॉस्पिटलं आणि आठ हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे धुतले जातात. रोलर तापायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ रोलरवरच्या माणसांना मोकळा मिळतो. धाकटा भिंतीच्या पलीकडे, मळक्या कपड्यांच्या खात्यात. दोघं सख्खे भाऊ, वयात सात वर्षांचं अंतर. थोरल्याला या देशात येऊन सहा वर्षं झाली होती, धाकट्याला अडीच. धाकटा थोरल्यापेक्षा वीतभर उंच होता, तरी घरी, फोनवर आणि लॉन्ड्रीतही तो बारक्याच.

"काल संध्याकाळी पेटीत होतं," धाकटा म्हणाला. "सरकारी शिक्का दिसला. तूच वाच."

"तुझ्या नावाचं आहे. फोडायचं होतंस की."

"फोडून काय करू, वास घेऊ?"

इथल्या भाषेतलं धाकट्याला कामापुरतं कळायचं: ट्रॉली, गरम, थांब, उद्या लवकर ये. कागद आला की तो थोरल्याकडे यायचा.

पत्र दीड पानाचं होतं. गेल्या वर्षीच्या कराच्या फॉर्ममध्ये, प्रश्न क्रमांक चौदाखाली, तुम्ही परदेशातल्या आईला दरमहा तीनशे पाठवत असल्याचं लिहून करात सूट घेतली आहे. या रकमेचा पुरावा आमच्याकडे नाही. पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत पुरावा द्यावा. खाली एका चौकटीत लिहिलं होतं: कारण क्रमांक सात.

"काय म्हणतायत?"

"आईला पैसे पाठवल्याचा पुरावा मागतायत."

"एवढंच ना!" धाकट्याने श्वास सोडला. "मला वाटलं हाकलतायत. अरे, पैसे तुझ्या खात्यातून जातात. तुझ्या पावत्या दे आणि त्यातले तीनशे बारक्याचे, असं चार ओळीत लिहून दे. विषय संपला."

"असं चालत नाही इथे," थोरला म्हणाला.

हे खरं की खोटं, त्या क्षणी त्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी माहीत झालं.

करासोबत मिळणारी माहितीपुस्तिका थोरल्याच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याखाली असते. बत्तीस पानं. तिच्या एकविसाव्या पानावर कारणांची यादी आहे. कारण क्रमांक सात: त्याच व्यक्तीला पोसत असल्याचं दुसऱ्या करदात्यानेही लिहिलेलं आहे.

तो दुसरा करदाता थोरला होता.

हे कसं झालं, ते असं. धाकटा आला त्या महिन्यात त्याने पहिल्या पगाराची चिठ्ठी बघितली आणि मुकादमाला गाठायला निघाला. पगाराचा पाचवा हिस्सा गायब होता. थोरल्याने त्याला बाहीला धरून थांबवलं.

"कुठे निघालास?"

"चोर सापडलाय. विचारून येतो."

"चोर नाही रे, सरकार आहे. कर आधीच कापतात. वर्षअखेरीला आपण फॉर्म भरायचा. किती कमावलं, किती कापलं, घरी कोणाला पोसतो. जास्त कापलं असेल तर परत देतात."

धाकट्याने विचार केला. "म्हणजे सरकारकडे आपली भिशी."

"तसंच समज."

"आणि नंबर लागतो?"

"दरवर्षी लागतो. फॉर्म नीट भरला तर."

फॉर्म थोरल्याने भरला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोघांचेही. आईला महिन्याला पाचशे जायचे. त्यातले तीनशे धाकट्याचे आणि दोनशे थोरल्याचे, कारण थोरल्याचं बिऱ्हाड होतं, बायको इथे होती, घरभाडं होतं. पगाराच्या दिवशी धाकटा तीनशेच्या नोटा पाकिटात घालून द्यायचा, थोरला त्यात आपले घालून एकदमच आपल्या खात्यातून पाठवायचा. दोनदा पाठवलं तर बँक दोनदा पैसे कापते, हे एक कारण. घरी असतानाही धाकट्याने पहिली कमाई दादाच्याच हातात दिली होती, हे दुसरं. पावतीचा विषय कधी निघाला नाही. पहिल्या वर्षी थोरल्याने प्रश्न चौदासमोर स्वतःच्या फॉर्मवर दोनशे लिहिले, धाकट्याच्या फॉर्मवर तीनशे. दोन्ही खरे होते.

दुसऱ्या वर्षी वकील बोलला. वकील म्हणजे गणवेशांच्या इस्त्रीवरचा एक माणूस, चौदा वर्षं लॉन्ड्रीत काढलेला. कोणाचाही कागद असो, त्याचा सल्ला तयार. "बँकेचा कागद कोणाच्या नावाने आहे?" त्याने विचारलं होतं. "तुझ्या ना? मग पाचशे तुझे. कार्यालय कागद बघतं, नाती नाही." त्या वर्षी थोरल्याच्या बायकोला वृद्धाश्रमात काम करण्यासाठीचा कोर्स करायचा होता आणि फी भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. थोरल्याने आपल्या फॉर्मवर पाचशे लिहिले, बँकेच्या बारा पावत्या जोडल्या.

मग धाकट्याचा फॉर्म पुढे ओढला. धाकटा समोरच बसून चहा पीत होता. प्रश्न चौदा आला. तिथे काहीच लिहिलं नाही तर तो विचारणार, आईचं का नाही लिहिलं. थोरल्याने तीनशे लिहिले.

त्या दिवसापासून कागदावर आईला महिन्याला आठशे मिळत होते. आईला मिळत होते पाचशे.

माहितीपुस्तिकेचं बाविसावं पान थोरल्याने मंगळवारी पहिल्यांदा वाचलं. पैसे दुसऱ्याच्या खात्यातून पाठवले असतील, तर त्या दुसऱ्याचं सहीचं निवेदन पुरावा म्हणून चालतं. त्यासाठी नमुना क्रमांक नऊ. म्हणजे धाकट्याने सकाळी सुचवलं होतं तेच, चार ओळी. पुढचा परिच्छेद थोरल्यासाठी होता. निवेदन देणाऱ्याने स्वतः जास्त सूट घेतली असल्यास ती परत करावी लागेल, दंड भरावा लागेल, आणि हे जाणूनबुजून केलं असं ठरल्यास पाच वर्षं इथे राहण्याच्या कायम परवान्याचा अर्ज करता येणार नाही. थोरल्याचा कायम परवान्याचा अर्ज तीन महिन्यांपूर्वीच दाखल झालेला होता.

धाकट्याचंही एक प्रकरण चालू होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी यांना इकडे आणण्यासाठी त्याला पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेची मुलाखत मिळाली होती. सोबत दोन वर्षांच्या स्वच्छ करखात्याचा दाखला न्यायचा होता. त्या तारखेसाठी त्याने चौदा महिने वाट बघितली होती, आणि अर्जाचा नियम म्हणून आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गात बसत होता. आपण जागा सोडणार असल्याची आगाऊ सूचनाही त्याने खोलीतल्या दुसऱ्या दोघा भाडेकरूंना देऊन ठेवली होती.

थोरल्याने बाविसावं पान दुमडलं आणि पुस्तिका परत डब्याखाली ठेवली.

शनिवारी दोघं वाचनालयात गेले. तिथे दर शनिवारी दहा ते एक या वेळात एक निवृत्त हिशेबनीस बाई लोकांना कराचे कागद फुकट समजावून देते. ही कल्पना धाकट्याची. त्याला वर्गातल्या कोणीतरी सांगितलं होतं. तो एकटा जाईल आणि बाई कागदावर बोट ठेवून त्याला सगळं समजावेल, या भीतीने थोरला दुभाष्या म्हणून सोबत गेला.

बाईचा चष्मा दोरीला होता. तिने मुलाखतीचं ऐकून घेतलं, पत्र दोनदा वाचलं, पेन्सिलीने सातच्या आकड्याभोवती गोल केला.

"कारण सात," ती थोरल्याला म्हणाली. "त्याच्या आईच्या नावावर आणखी कोणीतरी सूट घेतली आहे. हे त्याला माहीत आहे का? विचारा."

थोरला धाकट्याकडे वळला. "विचारतेय, पैसे कसे पाठवतोस."

"सांग की, तुझ्या हातात देतो."

थोरल्याने तेवढं सांगितलं. बाईने विचारलं, "रोख? आणि ज्याला दिले त्याच्याकडून पावती घेतली नाही?"

हे थोरल्याने जसंच्या तसं सांगितलं. धाकटा मोठ्याने हसला. शेजारच्या टेबलावर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. "भावाकडून पावती? सांग तिला, आमच्याकडे भावाकडे पावती मागितली तर आई ताटावरून उठवेल."

"काय म्हणतोय?"

"त्यांच्यात तशी पद्धत नाही," थोरला म्हणाला. 'आमच्यात' म्हणायच्या ऐवजी 'त्यांच्यात' म्हणालो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

बाईने पेन्सिल खाली ठेवली. "इथे त्याचं कोणी सख्खं आहे का? बहीण, भाऊ?"

भाषेच्या वर्गात धाकट्याचा तिसरा धडा नात्यांचा होता. 'भाऊ' हा शब्द त्याने ओळखला. परीक्षेत पास झाल्यासारखा त्याचा चेहरा उजळला आणि त्याने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ," तो इथल्या भाषेत म्हणाला. "हा. माझा."

बाईने थोरल्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी इथे मदतीला बसते," ती म्हणाली. आता ती हळू बोलत होती, आणि फक्त त्याच्याशी. "मी कोणाची तक्रार करत नाही. पण नीट ऐका. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने नमुना नऊ भरून दिला तर हा माणूस सुटतो. त्याने भरला नाही, आणि याने सूट मागे घेऊन दंड भरला, तर खोटी सूट घेतल्याचा शेरा याच्या खात्यावर तीन वर्षं राहील. तीन वर्षं कुटुंबाला आणता येणार नाही. त्याची मुलाखत आहे म्हणालात ना? हे त्याला सांगा."

"काय म्हणाली? खूप बोलली," धाकटा म्हणाला.

"म्हणाली, कागद कमी आहेत. सूट मागे घेऊन दंड भरला की मिटतं."

"आणि मुलाखत?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

धाकट्याने उठून बाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर्गात शिकलेलं आभाराचं वाक्य पूर्ण म्हटलं. बाई त्याच्याकडे बघून हसली. थोरल्याकडे तिने बघितलं नाही. बाहेर पडताना थोरल्याने घड्याळ पाहिलं: अकरा वाजून पाच मिनिटं. सगळं मिळून एकोणीस मिनिटं लागली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी धाकटा थोरल्याकडे जेवायला असतो आणि जेवण झालं की दोघं मिळून आईला फोन लावतात. धाकट्याने पत्राचं सगळं सांगून टाकलं.

"मी लिहून देऊ का?" आई म्हणाली. "दोघं पाठवतात असं. सही येते मला."

"तुझी सही इथे कोण विचारतं, आई."

"न विचारायला काय झालं? पैसे मला येतात. थोरल्याच्या नावाने येतात, पण बारक्याचे असतात त्यात, हे मला ठाऊक आहे की नाही? कोणाचे किती ते मी कधी विचारलं नाही. आईने असलं विचारू नये."

"दादा बघतोय सगळं," धाकटा म्हणाला.

"मग झालं," आई म्हणाली. "थोरल्या, खोकला गेला का रे तुझा?"

थोरल्याला खोकला झालाच नव्हता. तो म्हणाला, गेला.

धाकटा गेल्यावर बायकोने टेबल पुसलं, चहाचा डबा उचलला आणि पुस्तिका त्याच्यासमोर ठेवली.

"बाविसावं पान दुमडलंय. का?"

तिचा कोर्स इथल्या भाषेतच झाला होता. वाचायला तिला त्याच्यापेक्षा चांगलं येतं. तिने तो दुमडलेला कोपरा सरळ केला आणि वाचून काढलं. मग विचारलं, "माझी फी यातून गेली?"

"हो."

"तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही ओव्हरटाइम म्हणालात."

"हो."

"मी पगाराची चिठ्ठी बघायला हवी होती. नाही बघितली, कारण मला कोर्स हवा होता. ती माझी चूक. पुढची तुमची आहे." तिने पुस्तिका मिटली. "तुमचा परवाना लटकला तर माझाही लटकतो, एवढं मला कळतं. तरी सांगते. भाऊजींना सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"पुढच्या रविवारी. शांतपणे."

पुढच्या रविवारी धाकट्याने फोनवर बायको आणि मुलगी लावून दिली. मुलगी नवीन दप्तर पाठीला लावून उभी होती. दप्तर रिकामं होतं, तिने ते उघडून दाखवलं.

"मोठे काका, तुमच्याकडे शाळेत चालत जातात की बस असते?"

"बस असते."

"तुम्ही सोडायला याल?"

"अगं, काकांना काम असतं," धाकट्याची बायको मागून म्हणाली. "दादा, तुम्ही आहात म्हणून आम्हाला काळजी नाही हं. हे तर सगळं तुमच्यावर टाकून मोकळे. कागद म्हणजे दादा, दादा म्हणजे कागद."

थोरल्याची बायको भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि वाट बघितली. थोरला मुलीला बसचा रंग सांगत राहिला. तिने नळ परत सोडला.

त्याच आठवड्यात धाकट्याने दंडासाठी शनिवारची जादा पाळी मागून घेतली. ती पाळी कोणी मागत नाही. हॉटेलांचा माल शनिवारी दुप्पट येतो. मुकादमाने थोरल्याला हाक मारून सांगितलं, "तुझा भाऊ वेडा आहे का? पण माणूस सोन्यासारखा. हे बघ." त्याने एक वही पुढे केली. मळक्या चादरींत सापडलेल्या वस्तू पिवळ्या पेटीत टाकायच्या आणि वहीत नोंदवायच्या, असा नियम आहे. तारीख, कुठल्या हॉटेलची ट्रॉली, वस्तू, सही. बहुतेक जण वर्षाला पाच-सहा नोंदी करतात. धाकट्याच्या नावापुढे अडीच वर्षांत दोनशे बारा होत्या. कानातलं एक. पेन. दातांची कवळी, खालची. नाणी, चार. थोरल्याच्या हातात दरमहा दिलेल्या तीनशेची नोंद त्याने कुठेही केलेली नव्हती.

तेविसाव्या दिवशी धाकट्याने सूट मागे घेत असल्याचा फॉर्म आणला आणि जेवणाच्या सुट्टीत थोरल्यासमोर ठेवला. थोरल्याने तो भरला. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, असं त्याने विचारलं.

"लिही, चूक झाली."

"कोणाची?"

"माझीच की. पावती नाही म्हटल्यावर आणखी कोणाची?" धाकट्याने सही केली. सही करताना तो जीभ दातांत धरतो, लहानपणापासून. "दादा, एक विचारू? रागावू नकोस. पुढच्या वर्षीपासून मी वेगळे पाठवू का? तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही रे. तुला उगाच माझ्यापायी वाचनालयाच्या चकरा."

"पाठव," थोरला म्हणाला.

"रागावलास."

"नाही."

"बघ हं. वहिनींना सांगीन."

फॉर्म कार्यालयात नेऊन देण्याचं काम थोरल्याने आपल्याकडे घेतलं.

सत्ताविसाव्या दिवशी, सोमवारी, दातदुखीचं सांगून त्याने अर्धा दिवस सुट्टी टाकली. पिशवीत दोन कागद होते: धाकट्याने सही केलेला फॉर्म, आणि कोरा नमुना नऊ. तो त्याने बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवून भरला. बस हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं. 'मी या व्यक्तीचा' याच्यापुढच्या रिकाम्या जागी त्याने 'भाऊ' लिहिलं. पुढे: दरमहा पाठवलेल्या पाचशेंपैकी तीनशे माझ्या भावाचे होते. ते मी माझ्या नावावर दाखवले. त्याला हे माहीत नव्हतं. नमुन्यात शेवटच्या वाक्यासाठी जागा नव्हती. ते त्याने समासात लिहिलं.

चार नंबरच्या खिडकीत एक तरुण कारकून मुलगी होती. थोरल्याने पिशवीतून नमुना नऊ काढला आणि खिडकीतून आत सरकवला. दुसरा कागद पिशवीत राहिला. तिने समासातलं वाक्य वाचायला कागद आडवा केला.

"कायम परवान्याचा अर्ज केलेला आहे तुम्ही?"

"आहे."

"तो बहुतेक थांबेल. मी ठरवत नाही, पण थांबतो." तिने दोन शिक्के मारले. "निर्णय नव्वद दिवसांत."

"माझ्या भावाला अठरा तारखेच्या आत दाखला हवा आहे."

"प्रकरण उघडं असेपर्यंत दाखला निघत नाही. तुम्ही लवकर आला असतात तर कदाचित झालं असतं. आता त्याने विनंतीअर्ज करून बघावा. कधी कधी ऐकतात." मग तिने विचारलं, "या निवेदनाची एक प्रत त्याला पोस्टाने जाईल. तीन-चार दिवस लागतात. त्याला हे माहीत आहे ना?"

"मी सांगणार आहे."

"सांगितलंत तरी प्रत जाते," ती म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी बायकोला त्याने पोच दाखवली. तिने ती वाचली, घडी घातली, त्याच्या हातात परत दिली. "खिडकीतल्या मुलीला सांगितलंत," ती म्हणाली. "भाऊजींना?"

मंगळवारी सकाळी रोलर तापत असताना धाकटा आला आणि फॉर्म दिला का, असं विचारून गेला. थोरला हो म्हणाला. बुधवारी थोरला स्वतः भिंतीपलीकडे गेला. धाकटा हातमोजे घालून हॉस्पिटलच्या चादरी झटकत होता, नाकावर फडकं, आणि शेजारी दोघं जण होते. थोरला चहाचं विचारून परतला. गुरुवारी त्याने कामानंतर थांबायला सांगितलं. दोघं फाटकाशी उभे राहिले. धाकट्याला वर्गाला जायचं होतं.

"बोल ना."

"मुलाखतीचं... तारीख पुढे गेली तर?"

"का जाईल?"

"जाते कधी कधी. सरकारी काम आहे."

"तू कशाला घाबरतोस? मी नाही घाबरत," धाकटा म्हणाला. "पुढे गेली तर गेली. आज नात्यांची उजळणी आहे वर्गात. मावशी आणि काकू यांना इथे एकच शब्द आहे म्हणे. आपल्या काकूला कळलं तर भांडायला येईल." आणि तो बस पकडायला पळाला.

शुक्रवारी थोरला रोलरमध्ये चादरी सरकवत होता. चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची, एकाच वेळी सोडायची. जरा उशीर झाला तर सुरकुती आतच पक्की होते. अकराच्या सुमाराला भिंतीतलं दार उघडलं आणि धाकटा आला. हातमोजे काढून खिशात खोचलेले. हातात लिफाफा होता. या वेळी फोडलेला.

"सकाळी पेटीत होतं," तो म्हणाला. "म्हटलं, दरवेळी दादाला कशाला. मीच वाचून बघतो."

रोलरच्या दुसऱ्या टोकाचा माणूस चादर धरून थांबला होता.

"सगळं नाही लागलं," धाकटा म्हणाला. "'आई' एकदा आलंय. 'भाऊ' तीनदा. तीनशे आकडा आहे. कडेला काहीतरी वाकडंतिकडं लिहिलंय, ते तर अजिबात नाही लागलं." त्याने कागद उलगडला आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं. "ही सही तुझी आहे ना?"

"हो."

धाकट्याने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि लिफाफ्यात परत ठेवली. लिफाफा थोरल्याला दिला नाही.

"जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखव," तो म्हणाला. "सगळं. जसंच्या तसं."

दार बंद झालं. दुसऱ्या टोकाच्या माणसाने चादर हलवून खूण केली. सुट्टी साडेअकराला होते. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.